एम.ए. इंग्रजी, मुक्काम बीड

टेस डर्बीफील्ड सहावी पास होती. थॉमस हार्डीच्या या नायिकेबद्दल परीक्षेपुरतं वाचलेली माणसं बाकी सगळं सांगतात: तिच्यावरचा अत्याचार, मेलेलं मूल, स्टोनहेंजच्या दगडांमधली ती पहाट, शेवटची फाशी. सहावीचं कुणी सांगत नाही. हार्डीने १८९१ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत ते मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. लंडनमध्ये शिकून आलेल्या बाईंच्या हाताखाली टेसने गावच्या शाळेत सहावी इयत्ता पार केली. ती आईशी बोलीत बोलते आणि बाहेरच्या माणसांशी शाळेतली इंग्रजी. आई लोकगीतं, तोडगे आणि भविष्य सांगणाऱ्या एका जीर्ण पुस्तकाच्या जगात राहते. दोघी एका खोलीत असल्या तरी त्यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर आहे, असं हार्डी सांगतो. आणि आणखी एक गोष्ट तो जाता जाता सांगून टाकतो: टेसला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं.

बीड जिल्ह्यातल्या कॉलेजात इंग्रजीच्या एम.ए.च्या वर्गात बसलेल्या मुलींना हे वाक्य कुणी फोड करून सांगायची गरज नसते. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून एसटीने येणाऱ्या यांतल्या अनेक जणी घरातल्या पहिल्या पदवीधर असतात. काहींच्या घरात तर लिहितावाचता येणारी पहिली बाईच त्या. आई-वडील दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात. मुलगी आजीजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकलेली असते. बी.ए.ला तिने इंग्रजी स्पेशल घेतलेलं असतं, कारण इंग्रजीवाल्याला नोकरी लागते असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. बी.एड.चा फॉर्म भरायचा की नेट-सेटचा, हा प्रश्न तिच्या घरी चर्चेचा विषय असतो. त्या चर्चेच्या शेजारी तिसरा प्रश्न सतत उभा असतो, तो लग्नाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यातल्या विशीच्या आसपासच्या चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं दिसलं. म्हणजे एम.ए.च्या बाकावर बसलेली मुलगी बरंच काही चुकवून इथवर आलेली असते.

हार्डी इंग्रजीच्या पदव्युत्तर वाचनात कुठल्या ना कुठल्या रूपाने भेटतोच. पण वर्गात तो शिकवला जातो तो 'नियतिवाद', 'निसर्ग' आणि 'व्हिक्टोरियन नीती' या ठरलेल्या शीर्षकांखाली. गाईडमध्येही तेच असतं, प्रश्नपत्रिकेतही तेच. खरं तर हार्डीला बीडमध्ये प्रस्तावनेशिवाय वाचता येईल. फ्लिंटकॉम-अ‍ॅशच्या माळावर टेस हिवाळ्यात कामाला जाते तेव्हा ती एका करारावर सही करते: ओल्ड लेडी डेपर्यंत, म्हणजे ६ एप्रिलपर्यंत, मालक सोडून जायचं नाही. शेतावर बायका घेण्याचं कारणही हार्डी सांगतो. त्यांची मजुरी स्वस्त पडते. गोठलेल्या जमिनीतून त्या कंद उकरून काढतात. मग मळणीयंत्र येतं. टेसला यंत्राच्या वरच्या फळीवर उभं करतात. तिच्याकडे येणारी प्रत्येक पेंढी तिने सोडायची आणि यंत्राला भरवणाऱ्याच्या हातात द्यायची. यंत्र थांबत नाही, म्हणून तिलाही थांबता येत नाही. दिवस संपतो तेव्हा त्या थरथरीने तिचं सगळं अंग बधिर झालेलं असतं. इंजिनवाला उत्तरेकडून आलेला असतो, कुणाशी बोलत नाही. त्याचा या मातीशी संबंध नाही, फक्त वाफेशी आहे.

आता हे बीडच्या शब्दांत सांगून पाहा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला कोपीतून निघायचं, फडात ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आजारी पडलं, बाळंतपण आलं, तरी खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम. ऊसतोडणी यंत्रंही आता आली आहेत. एका फेरीत ती किती कोयत्यांचं काम करतात हे टोळीतला कुणीही सांगेल.

याच कादंबरीत पुढे ओल्ड लेडी डेला गावंच्या गावं स्थलांतर करतात. संसार गाड्यांवर चढतो, सगळ्यात पुढे भांड्यांचं कपाट, आणि ओळखीच्या रस्त्यावर अनोळखी कुटुंबं एकमेकांना ओलांडून जातात. 'द डॉर्सेटशायर लेबरर' या १८८३ सालच्या लेखात हार्डीने हेच स्थलांतर पत्रकाराच्या नजरेने मांडलं होतं. तो स्वतः गवंड्याचा मुलगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. बीडमधून कारखान्याकडे निघालेल्या गाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला तो लेख परका वाटणार नाही. वरच्या बाजूला बांधलेली खाट, पत्र्याची पेटी, त्यावर बसलेली लहान पोरं आणि मागे दोरीला बांधलेली शेळी हे चित्र या जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आहे.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की बीडमधला इंग्रजीचा एम.ए. ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि आपण ती साहित्य एका बाजूला व साक्षरता दुसऱ्या बाजूला अशी तोडून वाया घालवत आहोत. वर्गात हार्डी शिकवायचा आणि टेसची सहावी विसरायची, ही त्या ताटातुटीची एक छोटी खूण झाली. मोठ्या खुणा पुढे येतीलच.

आधी या अभ्यासाची इथली वाट पाहू, कारण ती पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि इंग्रजी तिथे पहिल्या दिवसापासून राजभाषेच्या रुबाबात आली. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला. वसाहतीत हा विषय मायदेशाच्या आधी रुजला हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवलं आहे. पण बीड तेव्हा त्या वसाहतीत नव्हतं. ते निजामाच्या राज्यात होतं. इथे सत्तेची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं ते उर्दू माध्यमाचं. त्यासाठी भाषांतर खातं काढलं गेलं आणि वैद्यकापासून गणितापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणली गेली. इंग्रजी सक्तीचा विषय होती, माध्यम नव्हे. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या आधुनिक विद्यापीठांपैकी ते एक, हा मान उस्मानियाला द्यायलाच हवा. मात्र मराठवाड्यातल्या मराठी मुलासाठी त्याचा अर्थ असा झाला की घरी मराठी, शाळेच्या वरच्या इयत्तांत उर्दू, आणि त्याही पलीकडे कुठेतरी इंग्रजी.

या तिहेरी भिंतीला भगदाड पाडणाऱ्या ज्या खाजगी राष्ट्रीय शाळा निघाल्या त्यांत अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचं नाव घ्यावं लागतं. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला आले आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासह त्यांनी ती शाळा उभी केली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व स्वामीजींकडे आलं. मराठीसाठी निजामाशी भांडलेल्या या संन्याशाने आपल्या लढ्याच्या आठवणी लिहिल्या त्या मात्र इंग्रजीत. १९६७ साली त्या प्रसिद्ध झाल्या. आपलं म्हणणं देशापुढे मांडायचं तर ही भाषा हाताशी हवी, हे त्यांना ठाऊक होतं. मायबोलीचा अभिमान आणि इंग्रजीची गरज यांत त्यांना भांडण दिसलं नाही. आपण ते उगाच लावून ठेवलं आहे.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं आणि कागदही बदलले. एका पिढीतले कितीतरी लोक उर्दू उत्तम लिहीत-वाचत होते, ते नव्या कारभारात हळूहळू अडाणी ठरत गेले. बीडमध्ये साक्षरतेचा विचार करताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं. साक्षर असणं म्हणजे कोणत्या लिपीत, कोणत्या कागदासाठी, कुणाच्या दारात, हे प्रश्न इथे पुस्तकी नाहीत. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांतून निजामकाळातले दस्त बाहेर निघाले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं एकाएकी हवीशी झाली. आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला वाचता येत नाही आणि त्याच कागदावर नातवाचं भवितव्य टांगलेलं आहे, अशी वेळ कित्येक घरांवर आली. ब्रायन स्ट्रीट या अभ्यासकाने १९८४ साली साक्षरतेवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की वाचन-लेखन हे निव्वळ कौशल्य कधीच नसतं, त्यात सत्ता गुंतलेली असते. त्याने आपली निरीक्षणं इराणच्या खेड्यांत केली होती. तेच बीडच्या तहसील कचेरीतही करता आलं असतं.

मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला १९५८ साली स्थापन झालं आणि तिथून पुढे इंग्रजीचा पदव्युत्तर अभ्यास या मुलांच्या आवाक्यात आला. त्याआधी १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं होतं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. निजामी अमलात शिक्षणाला मुकलेल्या मुलांसाठी ते दार होतं. मराठवाड्यातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी जे केलं ते मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. डॉ. म. ना. वानखडे इंग्रजीचे माणूस, अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात संशोधन करून आले आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दलित लेखकांना कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली. लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांनीही हेच केलं. इंग्रजी शिकवता शिकवता 'अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिलं. पुढे ते नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. भालचंद्र नेमाडे यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवली आणि त्याच काळात देशीवादाची मांडणी केली. इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणावर त्यांच्याइतकी कडाडून टीका क्वचितच कुणी केली असेल. या तिघांची मतं एकमेकांशी जुळणारी नाहीत, पण एक गोष्ट तिघांनीही केली. इंग्रजीतून जे मिळालं ते घेऊन ते आपल्या लोकांकडे परत आले. इंग्रजी विभाग हा या प्रदेशासाठी काम करणारा विभाग आहे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

आज ते गृहीत उरलेलं नाही. आता बीड, अंबाजोगाई, परळी या गावांत मोठी कॉलेजं आहेत आणि एम.ए.साठी प्रत्येकाला औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, गाठावं लागत नाही. ही सोय फार मोठी आहे, विशेषतः मुलींसाठी. पण वर्गात काय घडतं ते पाहिलं की जीव हळहळतो. पुस्तक मुळातून वाचणारे थोडे. बाजारात गाईड मिळतं, मोबाइलवर सारांश मिळतो, मागच्या पाच वर्षांचे प्रश्न मिळतात. चॉसर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ, इलियट, मग समीक्षेचे सिद्धांत. देरिदाचं नाव बरोबर लिहिता येतं, पण समोरच्या परिच्छेदातलं लांबलचक वाक्य कर्ता-क्रियापद शोधत सोडवता येत नाही. याचा दोष मी मुलांना देणार नाही. पहिलीपासून इंग्रजी शिकूनही ज्यांच्या हातात इंग्रजी गोष्टीचं एक पुस्तक कधी आलं नाही, त्यांच्यापुढे थेट 'पॅराडाइज लॉस्ट' ठेवायचं आणि वाचत नाहीत म्हणून ओरडायचं, हे न्यायाचं नाही.

आणि वर टांगती तलवार नोकरीची. घरचे आणि गावचे विचारतात, "एम.ए. करून काय करणार?" याचं उत्तर पूर्वी सोपं होतं: प्राध्यापक होणार. आता एम.ए. झालं की नेट किंवा सेट काढायची. ती निघाली तरी तासिका तत्त्वावर, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात, तासाच्या हिशेबाने शिकवायचं. मानधन महिनोन्‌महिने उशिरा, सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. कायम जागेसाठी जी देवघेव चालते तिच्याबद्दल लोक उघड बोलत नाहीत, पण आकडा सगळ्यांना माहीत असतो. पस्तिशी ओलांडलेली, सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं सकाळी कॉलेजात तास घेतात आणि संध्याकाळी क्लासमध्ये दहावीचं व्याकरण शिकवतात. काही जण अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, काही तालुक्याच्या इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर राबतात. या तरुणांचा संताप रास्त आहे. भरती व्हायला हवी, आणि ती पैशाशिवाय व्हायला हवी. यात दुसरं मत असण्याचं कारण नाही.

तरीही सगळा प्रश्न भरतीचा आहे असं मला वाटत नाही. उद्या सगळ्या जागा भरल्या तरी मूळ प्रश्न शिल्लक राहील: इंग्रजीचा हा अभ्यास बीडच्या कुठल्या गरजेला उत्तर देतो?

ती गरज पाहायची तर एम.ए.च्या वर्गातून उठून डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जावं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. त्याआधी खेड्यातला मुलगा पाचवीत 'एबीसीडी' शिकायचा. त्या निर्णयामागचा विचार चांगला होता, गरिबाच्या मुलालाही वेळेत इंग्रजी मिळावी असा. पाव शतक होऊन गेलं. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीत मुलांना आधी मोठी लिपी, मग छोटी लिपी, मग साधे शब्द, मग सोपी वाक्यं वाचायला देतात आणि अर्थ विचारतात. २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा, २४.५ टक्के मुलं, ती सोपी वाक्यं वाचू शकली. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होतं. हे देशाचे आकडे आहेत. ज्या मुलांची निम्मी शाळा उसाच्या फडात बुडते त्यांचं काय होत असेल याचा अंदाज कुणीही करावा. २०११ च्या जनगणनेत बीडची एकूण साक्षरता सुमारे ७७ टक्के होती, स्त्रियांची सुमारे ६८.

कोयत्याबरोबर मुलं जाऊ नयेत म्हणून गावात हंगामी वसतिगृहं चालतात. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. मुलं आजी-आजोबांजवळ राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. जी जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड निघालं, त्याआधी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. या सगळ्यांतून मुलं पटावर टिकली हे खरं, आणि ते लहान यश नाही. पण पटावर टिकलेलं मूल वाचतंय का, हे वेगळं पाहावं लागतं.

चौथीतलं मूल इंग्रजी 'वाचतं' तेव्हा काय करतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ते अक्षरांची नावं सुरात म्हणतं, लगेच शब्द म्हणतं आणि त्याला जोडून मराठी अर्थ म्हणतं: सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डोळे पुस्तकावर असतीलच असं नाही. चित्रावर हात ठेवला की सूर अडतो. तीच तीन अक्षरं उलटसुलट करून नवा शब्द दिला की मूल गप्प होतं आणि सरांकडे बघतं. याचा अर्थ मूल मंद आहे असा नाही. देवनागरीत त्याला एक सरळ व्यवहार मिळाला आहे: 'क' दिसला की 'क' म्हणायचं, नाव आणि ध्वनी एकच. रोमनमध्ये अक्षराचं नाव 'सी' आणि आवाज कधी 'क', कधी 'स'. हे वेगळेपण त्याला कुणी समजावून दिलेलं नसतं, कारण शिकवणाऱ्याला स्वतःलाच कुणी समजावून दिलेलं नव्हतं. जे मूल मराठी सफाईने वाचतं त्याला हा फरक थोड्या आठवड्यांच्या नीट कामाने कळू शकतो. आधी तोंडी ध्वनी, मग अक्षर, मग छोट्या गोष्टी, आणि गोष्टीवर त्याच्याच मराठीत गप्पा. जे मराठीही अडखळत वाचतं त्याच्यासाठी आधी मराठीच हवी. हे ठरवायला शिकवणाऱ्याला ध्वनिविज्ञान लागतं, भाषाविज्ञान लागतं, दुसरी भाषा माणूस कशी शिकतो याचं ज्ञान लागतं. हे सगळं कुठे शिकवतात? इंग्रजीच्या एम.ए.त. तिथे ध्वनींची चिन्हं पाठ करून घेतली जातात आणि पेपर झाला की विसरली जातात, कारण त्यांचा उपयोग करायला समोर मूलच नसतं.

शंभर वर्षांपूर्वी ढाक्याला मायकेल वेस्ट नावाचा एक शिक्षक होता. बंगालमधल्या मुलांवर काम करून त्याने १९२६ साली द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्याने विमा कंपनीचा एक हिशेब शिक्षणाला लावला. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती पडतं, तिची सरेंडर व्हॅल्यू किती? बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात. तेव्हा ज्या दिवशी मूल बाहेर पडेल त्या दिवशी त्याच्या हातात काहीतरी कामाचं असलं पाहिजे. म्हणून त्याने वाचनावर भर दिला. थोड्या शब्दांत लिहिलेली, मुलाला खरोखर वाचता येतील अशी पुस्तकं तयार केली. वेस्टच्या मतांवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती सगळी चुकीची नव्हती. पण बीडमध्ये एलआयसीची पॉलिसी मध्येच मोडणं काय असतं हे घरोघर माहीत आहे, आणि सातवी-आठवीत कोयत्यावर जाणारी मुलगी शाळेतून काय घेऊन बाहेर पडते, हा वेस्टचा प्रश्न आजही तिच्यासाठी विचारावा लागतो. दक्षिणेत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात साध्या शाळांतल्या साध्या मुलांबरोबर इंग्रजी शिकवण्याचा बंगळुरू प्रकल्प चालवला. जगभर भाषाशिक्षणाची पुस्तकं आजही त्याचा दाखला देतात. दोन्ही कामं शाळेतल्या प्रत्यक्ष वर्गात झाली. बीडला तसा वर्ग शोधायला लांब जावं लागत नाही.

यावर एक सोपा उपाय नेहमी सुचवला जातो: साहित्य कमी करा, स्पोकन इंग्लिश आणि सॉफ्ट स्किल वाढवा. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. ऊसतोड्याच्या मुलीने हॉटेलच्या काउंटरवर बोलण्यापुरती इंग्रजी शिकावी आणि साहित्य शहरातल्या मुलांनी वाचावं, ही वाटणी मला मान्य नाही. टेस वाचण्याचा अधिकार सगळ्यात आधी तिचा आहे. त्या कादंबरीत काय चाललंय ते तिला शहरातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. इंग्रजीतलं मोठं साहित्य वाचलेली बाई जेव्हा चौथीतल्या मुलासमोर गोष्टीचं पुस्तक उघडते तेव्हा तिला गोष्ट म्हणजे काय हे माहीत असतं. म्हणूनच मला साहित्य आणि साक्षरता एका छपराखाली हवी आहेत. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला आणि तो इंग्रजी विभागांतून वाचला जाऊ लागला. शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी' त्याआधीच इंग्रजीत गेली होती. ही पुस्तकं मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने इंग्रजीत वाचताना मूळ मराठी शेजारी ठेवून वाचावीत, अनुवादात काय सांडलं ते टिपावं. भाषेचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. पीएच.डी.साठीही तेच तेच लेखक घेऊन स्त्रीवाद किंवा अस्तित्ववाद शोधण्याऐवजी धारूरच्या वर्गातलं मूल रोमन लिपी कशी ओळखतं यावर काम व्हावं. असं संशोधन इथून झालं तर ते जगात कुठेही वाचलं जाईल.

यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट बघत बसायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची रचना २०२३ पासून बदलली. पहिल्या वर्षी ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी चार श्रेयांक आले, म्हणजे साधारण १२० तासांचं काम. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला. विज्ञान-वाणिज्यवाल्यांना कंपनी किंवा बँक सापडते. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने हे तास कुठे भरायचे, यावर कॉलेजं चाचपडत असतात. कुणी वर्तमानपत्राच्या कचेरीचं प्रमाणपत्र आणतं, कुणी क्लासचं. हे १२० तास हंगामी वसतिगृहाला द्यावेत. वेळही जुळते: हे श्रेयांक दुसऱ्या सत्रात येतात, ते सत्र हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं, आणि नेमक्या त्याच काळात फडाचा हंगाम चालू असतो व मुलं आई-बापांविना गावात असतात. विद्यार्थिनी बहुधा त्याच तालुक्यातली, कधी त्याच गावची. तिला मुलांची बोली येते. संध्याकाळी जेवणाआधीचा एक तास, दहा-बारा मुलं, आधी मराठी गोष्ट आणि मग इंग्रजी. प्रत्येक मुलाची एक वही, तिच्यात ते आज काय वाचू शकलं आणि कुठे अडलं याची नोंद. त्याच वह्यांवर दुसऱ्या वर्षीचा संशोधन प्रकल्प उभा राहू शकतो. तिला प्रवासाचे पैसे मिळावेत, आणि संध्याकाळी उशिरा परतावं लागू नये म्हणून जोडीने नेमणूक व्हावी; मुलींच्या बाबतीत हे दोन मुद्दे सोडून दिले तर बाकी सगळी योजना कागदावर राहील.

याला मोठा निधी लागत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांचं एक पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुख्याध्यापकांची संमती आणि विभागातल्या एका प्राध्यापकाने दर पंधरवड्याला शाळेत जाऊन बसणं, एवढं लागतं. सीएचबीवरच्या प्राध्यापकाकडून हे काम करून घ्यायचं असेल तर त्या फेऱ्यांचे तासही त्याच्या मानधनात धरले गेले पाहिजेत. टोळ्या जायला लागल्यावर पत्रव्यवहार सुरू केला तर हंगाम निघून जातो. हे पत्र दसऱ्याच्या आधी जायला हवं.